१५० नगांची पेटी घ्यावी की सुटी हत्यारं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी एक दहा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक आणि एक मोटारसायकल. ऑइल-फिल्टर, स्पार्क प्लग, बॅटरी आणि पुढचे ब्रेक पॅड एवढी कामं स्वतः करायची आहेत. पैसे बेताचे. प्लॅस्टिकच्या पेटीतला १५० नगांचा सेट परवडण्यासारखा दिसतोय. तो उचलावा, की तेवढ्याच पैशात थोडीच पण बरी हत्यारं घ्यावीत?

आधी त्या १५० ची फोड करू. अशा पेटीत चाळीस-पन्नास नग नुसते स्क्रू ड्रायव्हरचे बिट असतात आणि त्यातले बरेच गाडीवर कधीच लागत नाहीत. एल-कीच्या जुडग्यातली प्रत्येक की वेगळा नग म्हणून मोजलेली असते. सॉकेटची, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर चढणाऱ्या टोप्यांची, काही मापं दोन ड्राइव्हमध्ये (मागच्या चौकोनी भोकाच्या दोन मापांत) दोनदा येतात, काही सेटमध्ये मिलिमीटरच्या जोडीला इंची मापंही भरलेली असतात. हे सगळं वजा केलं की तुमच्या कामाचे पंचवीस-तीस नग उरतात. तेवढे चांगले असतील तर पेटी घ्यायला हरकत नाही, पण १५० या आकड्याकडे बघून काही ठरत नाही. तुमच्या गाडीवर कुठल्या मापाची डोकी आहेत आणि त्यातली कुठली घट्ट बसलेली असतात, यावरून यादी ठरते.

गाडी कुठल्या घराण्यातली आहे यावर इथे बरंच अवलंबून आहे. जपानी आणि कोरियन गाड्यांवर, आणि बहुतेक मोटारसायकलींवरही, एम६ (म्हणजे ६ मिमी जाडीच्या) बोल्टचं डोकं १० मिमी असतं, एम८ चं १२, एम१० चं १४ आणि एम१२ चं १७. युरोपीय गाड्यांवर एम६ ला १० च, पण एम८ ला १३, एम१० ला १६ (जुन्या गाड्यांत १७) आणि एम१२ ला १८ (जुन्यांत १९). म्हणजे जपानी घराण्याच्या गाडीला ८, १०, १२, १४, १७, १९ एवढ्या मापांत नव्वद टक्के काम होतं, तर युरोपीय गाडीला १३, १६ आणि १८ नसेल तर अडतं. स्वस्त सेटमध्ये नेमकं १६ किंवा १८ गाळलेलं असतं, म्हणून पेटीवरची मापांची यादी एकेक करून वाचा. जुन्या अमेरिकन गाड्यांवर इंची मापं येतात. तुमच्याकडे तशी गाडी नसेल तर इंची सॉकेटसाठी पैसे देऊ नका. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. हा सॉकेट १२ च्या डोक्यावर चढतो, फिरतो आणि कडा खाऊन टाकतो.

खरेदीआधी एक संध्याकाळ बॉनेट उघडून मापं घ्या. व्हर्नियर कॅलिपरने डोक्याच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर मोजायचं. ते मापापेक्षा किंचित कमी भरतं, म्हणजे १२ चं डोकं ११.८ च्या आसपास. बॅटरीचे टर्मिनल, एअर फिल्टरचं झाकण, ड्रेन बोल्ट, चाकाचा नट, ब्रेक कॅलिपरमागचे (पॅड दाबणाऱ्या भागामागचे) बोल्ट एवढं मोजून लिहून ठेवलं की खरेदीची यादी जवळजवळ तयार होते.

आता ड्राइव्ह, म्हणजे सॉकेटच्या मागच्या चौकोनी भोकाचं माप. पाव इंच, तीन-अष्टमांश इंच आणि अर्धा इंच असे तीन प्रचलित आहेत. बहुतेक जण अर्धा इंची घेतात, कारण तो मजबूत दिसतो. त्याची अडचण लहान बोल्टवर कळते. एम६ बोल्ट साधारण १० न्यूटन मीटरला कसायचा असतो. अर्धा इंची रॅचेटचा (सॉकेट फिरवणाऱ्या, खटका असलेल्या दांड्याचा) दांडा २५ सेंटिमीटर धरला, तर त्याच्या टोकाला फक्त चार किलोच्या ओढीने तेवढा टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, भरतो. चार किलो म्हणजे हाताला काही लागतच नाही. आणखी थोडं ओढलं की बोल्ट तुटतो किंवा ॲल्युमिनियममधले आटे उपटून बाहेर येतात. म्हणून एकच ड्राइव्ह घेणार असाल तर तीन-अष्टमांश घ्या. एम६ ते एम१० या पट्ट्यातलं सगळं काम त्याच्याने होतं, इंजिनाच्या खोबणीत तो शिरतो, आणि दांडा आखूड असल्यामुळे हाताला अंदाज राहतो. चाकाचे नट आणि ब्रेकचे मोठे बोल्ट यांच्यासाठी अर्धा इंचात पूर्ण सेट नको, ब्रेकर बार (घट्ट नट सोडवायचा, खटका नसलेला लांब दांडा) आणि दोन-तीन सॉकेट पुरतात. पाव इंची सध्या राहू द्या. डॅशबोर्ड उघडण्याची वेळ येईल तेव्हा बघू.

सॉकेट निवडताना सहा कोनीच घ्या. बारा कोनी सॉकेट डोक्याच्या कोपऱ्याजवळ पकडतो. सहा कोनीची पकड कोपऱ्यापासून जरा आत, सपाट बाजूवर येते. नवीन बोल्टवर दोन्ही सारखेच वाटतात, दहा वर्षं गंजलेल्यावर फरक दिसतो. बारा कोनीचा फायदा अडचणीच्या जागी कमी कोनात पाना बदलण्यापुरता आहे, तो रिंग पान्यात कामाला येतो.

दुकानात सॉकेट हातात घेतलात तर त्याचं तोंड बघा. आतल्या कडेला उतार दिलेला असतो, सॉकेट पटकन चढावा म्हणून. स्वस्त सॉकेटमध्ये हा उतार दोन-अडीच मिलिमीटर खोल असतो. पातळ डोक्याच्या ड्रेन बोल्टवर असा सॉकेट लावला की डोक्याची निम्मी उंची उतारातच जाते आणि पकड उरते ती वरच्या निम्म्या भागाची. सॉकेट हातात पक्का बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावताच सटकतो. उतार जितका कमी तितकं चांगलं. मग एक नवा बोल्ट घेऊन त्यावर सॉकेट चढवा आणि डावी-उजवीकडे हलवून बघा. थोडी ढिलाई प्रत्येकात असते, पण बोल्ट आत खडखडत असेल तर ठेवून द्या.

‘क्रोम व्हॅनेडियम’ हा शिक्का बघून फार हुरळू नका. तो पोलादाची जात सांगतो. त्याचं उष्णतोपचार नीट झालंय का, हे त्यावरून कळत नाही. मऊ राहिलेलं पोलाद तोंडाशी उघडतं, जास्त कडक झालेलं तडकतं. चकचकीत क्रोमचे सॉकेट इम्पॅक्ट गनवर (ठोके देत बोल्ट फिरवणाऱ्या यंत्रावर) कधीच लावू नयेत. त्यासाठी काळे, जाड भिंतीचे वेगळे सॉकेट येतात. तुम्ही गन घेणार नसाल तर तेही नकोत.

साध्या लांबीचे सॉकेट ८ ते १९ पर्यंत सलग घ्या, मधलं माप न गाळता. लांब सॉकेट सगळे नकोत, १०, १२, १४ (युरोपीय गाडीला १०, १३, १६) एवढे पुरे. स्टडवरचा (डोकं नसलेल्या, आटे असलेल्या दांड्यावरचा) नट काढताना दांडा सॉकेटच्या पोटात जावा लागतो, तिथेच ते लागतात. जोडीला एक्स्टेंशन दोन, ७५ आणि १५० मिमीचे. २५० चा प्लगसाठी उपयोगी पडतो. युनिव्हर्सल जॉइंट एक असू द्या, पण घट्ट बोल्टवर तो वापरू नका, वाकतो आणि सटकतो.

रॅचेटवर मात्र पैसे टाका. पूर्ण पेटीत सगळ्यात जास्त फिरणारं आणि सगळ्यात आधी मोडणारं हत्यार तेच. ३६ दातांच्या रॅचेटला एक टप्पा घ्यायला दांडा १० अंश फिरवावा लागतो, ७२ दातांच्याला ५ अंश. अल्टरनेटरमागे हात घातल्यावर या पाच अंशांची किंमत कळते. दुसरी चाचणी मागच्या ओढीची: सॉकेट दोन बोटांत हलकाच धरून दांडा उलट फिरवा. सॉकेट बोटांतून फिरत असेल तर रॅचेट जड आहे. असा रॅचेट सैल झालेल्या बोल्टला मागच्या फेरीत पुन्हा घट्ट करत राहतो आणि शेवटी तो हातानेच काढावा लागतो. आणि रॅचेटवर पाइप चढवून जोर लावू नका, आतला खटका मोडतो. जोराचं काम ब्रेकर बारचं.

पान्यांत कॉम्बिनेशन पाने, म्हणजे एका टोकाला रिंग आणि दुसऱ्याला उघडं तोंड, ८ ते १९. पहिला आणि शेवटचा जोर नेहमी रिंगने, उघड्या तोंडाने फक्त सैल झालेला नट भराभर फिरवायचा. उघडं तोंड दोनच बाजू धरतं आणि जोर आला की थोडं फाकतं. १० आणि १२ (किंवा १३) हे दोन-दोन घ्या, कारण आरपार बोल्टला एक पाना डोक्यावर आणि दुसरा नटवर लागतोच. स्क्रूने जबडा मागे-पुढे होणारा ॲडजस्टेबल पाना पाच पान्यांचं काम करेल म्हणून घेऊ नका. त्याचा जबडा ढिला असतो, डोकी त्यानेच सर्वांत जास्त गोल होतात. कधी वापरावाच लागला तर ओढ स्थिर जबड्यावर येईल असा लावा.

ब्रेक उघडणार असाल तर एक सावधानता. ब्रेक पाइपचे नट, बहुधा १० किंवा ११ मिमीचे, मऊ असतात आणि साध्या उघड्या पान्याने लगेच गोल होतात. त्यांच्यासाठी फ्लेअर नट पाना येतो, पाइप आत जाण्यापुरती फट असलेली रिंग. नुसते पॅड बदलायला हे नट उघडावे लागत नाहीत, त्यामुळे आज तो घ्यायची गरज नाही. पॅडच्या कामाला कॅलिपरच्या पिनचे बोल्ट उघडायला १२ किंवा १४ चा सॉकेट (काही गाड्यांत ७ मिमीची एल-की) आणि पिस्टन मागे दाबायला एक साधा सी-क्लॅम्प लागतो. पिस्टन दाबण्याआधी ब्रेक फ्लुइडची टाकी किती भरलीय ते बघा. पिस्टन मागे गेला की फ्लुइड वर येतं आणि रंगावर सांडलं तर रंग उडवतं. कॅलिपर होजवर लोंबकळत सोडायचा नाही, तारेने बांधायचा.

स्क्रू ड्रायव्हर हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. चार-पाच नगांचा बरा सेट घ्या: फुलीचे क्रमांक १, २, ३ आणि चपटे दोन. क्रमांक २ सगळ्यात जास्त लागतो, टोक झिजलं की लगेच बदला. मोटारसायकलीसाठी यात एक मेख आहे. जपानी बनावटीच्या गाड्यांवरचे फुलीचे स्क्रू बऱ्याचदा जेआयएस (जपानी मानकाच्या) घडणीचे असतात, डोक्यावर फुलीशेजारी बारीक ठिपका दिसतो. साधा फिलिप्स त्यात पूर्ण तळाशी बसत नाही, जोर लावला की वर चढतो आणि फुली गोल करतो. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरच्या झाकणाचे दोन स्क्रू असेच मारले जातात. जेआयएस टोकाचा क्रमांक २ एकच घ्या, तो फिलिप्स स्क्रूवरही चालतो. अडकलेल्या स्क्रूसाठी हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर मोटारसायकलवाल्याकडे असावा. ठोक्यासरशी टोक आत दाबलंही जातं आणि फिरतंही, म्हणून स्क्रू सुटतो.

एल-की ४, ५, ६, ८, १० पुरे. टॉर्क्स (चांदणीच्या आकाराची टोकं) युरोपीय गाडीला लागतातच, टी२०, टी२५, टी३० पासून सुरुवात करा. जपानी घराण्याची गाडी असेल तर दिसतील तेव्हा घ्या. पक्कड, नोज प्लायर, एक वॉटर पंप प्लायर, एक लॉकिंग प्लायर आणि अर्धा किलोची हातोडी: इथे स्वस्तातलं चालतं. ड्रेन पॅन, फनेल, वायर ब्रश, मॅग्नेट लावलेली काडी यांतही.

इथवर जे झालं त्यात पैसे कुठे घालायचे ते: रॅचेट, १० ते १४ चे सॉकेट, क्रमांक २ चे ड्रायव्हर. वाचवायचे कुठे: मोठे सॉकेट, एक्स्टेंशन, पकडी, हातोडी. आता अशा दोन गोष्टी, ज्या १५० च्या पेटीत नसतातच.

पहिली टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या टॉर्कला बोल्ट कसणारा पाना. अर्धा इंची, साधारण २८ ते २१० न्यूटन मीटरचा क्लिक प्रकारचा घेतला तर चाकाचे नट, कॅलिपर ब्रॅकेट आणि ड्रेन बोल्ट त्यात येतात. हॅचबॅकच्या चाकाचे नट बहुधा ९० ते १२० न्यूटन मीटरच्या आत असतात, ड्रेन बोल्ट ३० ते ४० च्या आसपास. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्या. पट्ट्याच्या अगदी खालच्या टोकाला या पान्यावर फार विश्वास ठेवू नये, म्हणून प्लगसाठी तो वापरत नाही. वॉशर असलेला नवा प्लग हाताने तळाशी बसेपर्यंत फिरवायचा आणि मग पान्याने साधारण अर्धा फेरा. वॉशर नसलेल्या, निमुळत्या बैठकीच्या प्लगला एक-सोळांश फेराच. वॉशरवाल्याचा अर्धा फेरा त्याला दिला तर सिलिंडर हेडचे आटे जातात. टॉर्क रेंचने काही सोडवायचं नाही, आणि काम झालं की मापपट्टी सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायची, नाहीतर आतली स्प्रिंग दबून राहते. चाकाच्या नटाच्या आट्यांना ऑइल लावू नका. पुस्तिकेतला आकडा कोरड्या आट्यांचा असतो, ऑइल लावल्यावर त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो.

सोडवायला ब्रेकर बार, ४५ ते ६० सेंटिमीटरचा. हिशेब सोपा आहे: १०० न्यूटन मीटरला पाव मीटरच्या दांड्यावर चाळीस किलोची ओढ लागते, अर्ध्या मीटरवर वीस किलोची. गंजलेला नट कसलेल्या मापापेक्षा कितीतरी जास्त मागतो, तेव्हा हा फरक कमरेलाही जाणवतो. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे आणि मग गाडी उचलायची.

दुसरी गोष्ट जॅक स्टँडची जोडी. यादीतलं सगळं कापलं तरी ही कापू नका. गाडीबरोबर येतो तो जॅक चाक बदलण्यापुरता आहे. कुठलाही जॅक, हायड्रॉलिकसुद्धा, गाडी वर नेण्यासाठी वापरायचा, वर धरून ठेवण्यासाठी स्टँड. जमीन कडक आणि सपाट हवी, जमिनीवरच्या चाकांना आडवे ठोकळे, आणि स्टँड पुस्तिकेत दाखवलेल्या जागेखालीच. विटा किंवा काँक्रीटचे ब्लॉक अजिबात नकोत, ते आधी काहीही न दाखवता एकदम फुटतात. स्टँड बसल्यावर गाडी हाताने ढकलून बघा आणि मगच खाली वाका.

प्लग पाना आणि फिल्टर पाना हे दोन्ही मापानुसार. जुन्या प्लगला २१ मिमी, बहुतेक आताच्यांना १६, आणि काही नव्या इंजिनांना १४ लागतो. आत रबर किंवा चुंबक असलेला घ्या, म्हणजे खोल विहिरीतून प्लग वर येतो. प्लग बसवताना आधी एक्स्टेंशन नुसत्या बोटांनी फिरवा, दोन-तीन फेरे सहज गेले तरच रॅचेट लावा. आटे तिरके लागले तर बोटांना तिथेच कळतं. ऑइल फिल्टरचा कॅप पाना नवा फिल्टर हातात घेऊनच निवडा, त्याच्या कडा मोजून, अंदाजाने आणलेला हमखास ढिला निघतो. बॅटरीसाठी साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, १२.२ असेल तर जेमतेम निम्मी.

हब नटसाठी ३० किंवा ३२ चा सॉकेट, बेअरिंग पुलर, सर्क्लिप प्लायर, बोल्ट एक्स्ट्रॅक्टर हे आत्ता काहीच घेऊ नका. ती कामं तुमच्या यादीत नाहीत. पेनेट्रेटिंग ऑइलचा एक डबा मात्र घ्या, आणि घट्ट बोल्टवर मारून रात्रभर ठेवा. दहा मिनिटांत त्याच्याकडून अपेक्षा करू नका.

तर तुमच्या बजेटमध्ये पेटी की सुटी? मध्यम मार्ग असा: तीन-अष्टमांश ड्राइव्हचा चाळीसेक नगांचा लहान सेट, ज्यात मापं सलग आहेत, सॉकेट सहा कोनी आहेत आणि एखादा सॉकेट हरवल्यास तेवढाच सुटा मिळतो. ही शेवटची अट दुकानदाराला विचारून घ्या, कारण १० चा सॉकेट हरवणार हे धरूनच चालायचं. पाने वेगळे घ्या. आणि पहिल्याच फेरीत सगळं नको: आधी सेट, पाने, ड्रायव्हर, ड्रेन पॅन आणि फिल्टर पाना, एवढ्यात ऑइल आणि बॅटरी होते. प्लगच्या वेळी प्लग पाना. गाडी उचलण्याआधी किंवा ब्रेकला हात घालण्याआधी स्टँड, जॅक, ब्रेकर बार आणि टॉर्क रेंच.

वापरलेली हत्यारं मिळत असतील तर पाने आणि सॉकेट बिनधास्त घ्या, तोंड फाकलेलं किंवा कोपरे गोल झालेले नसले की झालं. रॅचेट हातात फिरवून बघून घ्या. टॉर्क रेंच आणि जॅक स्टँड जुने घेऊ नका. रेंचची स्प्रिंग कोणी दाबलेलीच ठेवली होती की नाही ते बाहेरून दिसत नाही, आणि स्टँडचा वेल्ड कधी तडकून पुन्हा रंगवला असेल तर तेही.